माणसाची ओळख सिमकार्डाला टांगू नका

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांसाठी आणि त्यांच्या गावाकडच्या घरांसाठी

बंद पडलेले आणि दुसऱ्या कोणाला दिले गेलेले मोबाइल नंबर ३१ मार्च २०२५ पर्यंत सर्व बँकांनी आणि पेमेंट ॲपांनी आपल्या नोंदींतून काढून टाकावेत, असा आदेश त्या महिन्यात निघाला. त्याआधी जानेवारीतच बँकांना सांगितले गेले होते की, रद्द झालेल्या नंबरांची सरकारी यादी घ्या, आपले खातेदार तिच्याशी ताडून पाहा आणि योग्य शहानिशा करून नवा नंबर नोंदवा. साफसफाईला आमचा विरोध नाही. संताप आहे तो तिच्या मागून आलेल्या वागणुकीबद्दल. ज्याचा नंबर यादीत सापडला त्याचे पेमेंट बंद झाले, आणि शहानिशा म्हणजे बहुतेक ठिकाणी ‘शाखेत येऊन जा’ एवढे एकच वाक्य उरले. शाखा डोंबिवलीत, माणूस डॉर्टमुंडला. खाते त्याचे, पैसे त्याचे, सही, पासपोर्ट, पॅन सगळे जागेवर. नाही तो फक्त एक दहा आकडी नंबर. एवढ्यावरून तो स्वतःच्याच पैशांना परका ठरतो. हे पत्रक त्या एका समजुतीविरुद्ध आहे: भारतीय मोबाइल नंबर म्हणजेच माणूस, आणि नंबर गेला की माणूस गेला.

ही समजूत व्यवहारात कशी चालते ते नीट पाहू, कारण तिचा सगळा जोर तपशिलांत लपलेला आहे. यूपीआय सुरू करताना ॲप त्या फोनमधल्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस पाठवते. तो ज्या नंबरावरून आला तो बँकेतल्या नोंदीशी जुळला, तरच पुढची पायरी येते. मग डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदतीची तारीख, किंवा आधारचा ओटीपी, आणि त्यानंतर पिन. आधारचा ओटीपी कुठे येतो? पुन्हा भारतीय नंबरावरच. अनिवासी भारतीयांच्या आधार नोंदणीचे नियम जानेवारी २०२४ मध्ये सुधारले, त्यात ई-मेल पत्ता सक्तीचा केला, आणि त्याच दमात स्पष्ट केले की परदेशी मोबाइलवर एसएमएस जाणार नाही. आता तो भारतीय नंबर किती टिकतो ते पाहा. दूरसंचार नियमांप्रमाणे प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला गेला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद केलेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले गेले. म्हणजे दोन वेळा ९०, एकूण १८० दिवस. एवढ्या काळात तुमची आर्थिक ओळख कायदेशीर मार्गाने एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात जाऊ शकते. त्यात ना त्याचा दोष, ना तुमचा. आणि नंबर बदलून घ्यायला बँकेच्या संकेतस्थळावर गेलात, की बऱ्याचदा पहिली अट हीच असते: जुन्या नंबरावर आलेला ओटीपी टाका.

बहुतेकांना वाटते, रिझर्व्ह बँकेनेच ओटीपीची सक्ती केली आहे, मग बँक तरी काय करणार? हे खरे नाही. ऑनलाइन कार्ड व्यवहारांना पडताळणीची जादा पायरी १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची झाली, हे खरे. पण ती पायरी एसएमएसचीच असावी, असे नियमात कधीच नव्हते. ८ फेब्रुवारी २०२४ च्या आपल्या निवेदनात रिझर्व्ह बँकेने हे स्वतःच सांगितले: आम्ही कोणतीही विशिष्ट पद्धत ठरवून दिलेली नाही, एसएमएसचा ओटीपी पेमेंट व्यवसायानेच स्वीकारला. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये जे नवे निर्देश निघाले आणि ज्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली, त्यांत दोन पायऱ्यांची अट कायम आहे, पण त्या दोन पायऱ्या कोणत्या असाव्यात याची मोकळीक पुष्कळ आहे. म्हणजे गेली पंधरा-सोळा वर्षे लोकांना ‘नियम’ म्हणून जे ऐकवले गेले, ती निव्वळ सवय होती. एसएमएस स्वस्त, एसएमएस सोपा, आणि त्यात कोणी अडकलाच तर अडकलेला माणूस काउंटरवर येऊन ओरडू शकत नाही, कारण तो सहा हजार किलोमीटरवर आहे. काउंटरवर उभा राहू शकणारा ग्राहक तेवढा खरा, बाकीचे नोंदवहीतले अडथळे, ही ती वृत्ती.

आणि ही वृत्ती कोणत्या कागदाला मान देते व कोणत्या कागदाला देत नाही, ते पाहिले की राग आवरत नाही. भारतीय पासपोर्ट १९६७ च्या कायद्याखाली भारत सरकार देते. त्यासाठी पोलीस पडताळणी होते, बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातात. परदेशात तो वकिलातीतून नूतनीकरण करून मिळतो आणि जगातला प्रत्येक विमानतळ तो मानतो. त्याच्या तुलनेत प्रीपेड सिम ही कंपनीने ठरावीक मुदतीसाठी दिलेली सेवा आहे. रिचार्ज संपला की ती संपते. कोणत्याही कायद्याने मोबाइल नंबराला ओळखपत्राचा दर्जा दिलेला नाही. उलट २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँक खात्याला आणि मोबाइलला आधार जोडण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवली. ज्या धाग्यावर एवढी मोठी सुनावणी झाली तो न्यायालयाने कापला. पण मोबाइल नंबर नावाचा दुसरा धागा कोणाच्याही संमतीशिवाय, कोणत्याही चर्चेशिवाय विणला गेला आणि आज तोच गळ्याशी आला आहे. पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. ज्याच्याकडे ओळख दाखवायला कोणताच कागद नाही त्यालाही ओळख मिळावी, असे तेव्हा सांगितले होते. आज ज्याच्याकडे सगळे कागद आहेत, त्यालाही ओळख नाकारण्याची सोय झाली आहे.

पासपोर्टवर विश्वास ठेवता येत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला एकच गोष्ट दाखवावी. फेब्रुवारी २०२३ मध्ये, जी-२० च्या बैठकांच्या निमित्ताने, परदेशी पाहुण्यांसाठी मुंबई, दिल्ली आणि बंगळुरूच्या विमानतळांवर ‘यूपीआय वन वर्ल्ड’ नावाची सोय सुरू झाली. पाहुण्याने पासपोर्ट आणि व्हिसा दाखवायचा आणि पैसे भरून यूपीआय वापरायला लागायचे. भारतीय बँक खाते नको, भारतीय नंबर नको. पाहुण्यांची ही सोय चांगली आहे, ती असावीच. पण मग त्याच विमानतळावर, त्याच रांगेत, निळा भारतीय पासपोर्ट हातात घेऊन उतरलेल्या सांगलीच्या माणसाला त्याच यूपीआयसाठी आधी सिमकार्ड शोधत का फिरावे लागते? दुसऱ्या देशाने दिलेला पासपोर्ट पुरेसा, आणि आपल्याच देशाने दिलेला अपुरा! याचे समर्थन कोणत्याही तर्काने होत नाही. यंत्रणेला जमत नाही, हे कारणही इथे मोडून पडते, कारण यंत्रणेने ते करून दाखवले आहे.

परदेशी नंबरांचीही तीच कथा. जानेवारी २०२३ मध्ये अनिवासींच्या एनआरई आणि एनआरओ खात्यांना परदेशी नंबरावरून यूपीआय वापरण्याची मुभा मिळाली, पण दहाच देशांच्या नंबरांना: सिंगापूर, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि ब्रिटन. पुढे ही संख्या बारावर गेली. त्या यादीत हाँगकाँग होते आणि कुवेत नव्हते. कुवेतमध्ये सुमारे १० लाख भारतीय आहेत. कोकणातली आणि गोव्यातली किती घरे कुवेतच्या पगारावर उभी राहिली, हे रत्नागिरीच्या किंवा मडगावच्या कोणालाही विचारा. बहारीन नव्हते, जर्मनी नव्हती. आणि ज्या देशांना मुभा मिळाली तिथेही ती बँकेने घेतली तरच उपयोगाची. तुमच्या बँकेने ती सोय केलेली नसेल, तर मुभा कागदावर आणि तुम्ही बाहेर.

आता आक्षेपांकडे वळू. सगळ्यात मोठ्या आवाजात सांगितला जातो तो सुरक्षेचा. सायबर फसवणूक वाढली आहे, अशा वेळी नियम ढिले करायचे का? फसवणूक वाढली आहे हे शंभर टक्के खरे. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशातल्या लोकांनी सायबर गुन्हेगारांपायी २२,८४५ कोटी रुपये गमावले. २०२३ मध्ये हा आकडा ७,४६५ कोटी होता. पण हे सगळे घडत असताना पहाऱ्यावर कोण होते? एसएमएसचा ओटीपीच होता. एका वर्षात लूट तिप्पट झाली, आणि तरी तोच पहारेकरी कायम ठेवण्याला सुरक्षा म्हणायचे? एसएमएस दुबळा आहे हे जगाला केव्हाच कळले आहे. अमेरिकेत मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच त्याला मर्यादित भरवशाच्या वर्गात टाकले. सिंगापूरच्या बँकांनी जुलै २०२४ मध्ये जाहीर केले की, ज्यांच्याकडे ॲपमधले डिजिटल टोकन आहे त्यांच्यासाठी खात्यात शिरताना ओटीपी तीन महिन्यांत बंद होईल. तिथे कारण सुरक्षेचेच दिले गेले. आपल्याकडे त्याच सुरक्षेचे नाव घेऊन उलटा निष्कर्ष काढला जातो. शिवाय रद्द नंबरांची यादी काढावी लागली, हाच सर्वात मोठा पुरावा आहे: नंबर माणसापासून वेगळा होतो, एकाचा दुसऱ्याकडे जातो, हे यंत्रणेला पक्के ठाऊक आहे. असे ठाऊक असताना त्या नंबरालाच कुलपाची एकमेव किल्ली ठेवायची, आणि किल्ली हरवली की घरमालकाला बाहेर काढायचे?

दुसरा आक्षेप जास्त चीड आणतो, कारण तो सल्ल्याच्या रूपात येतो: ‘अहो, महिन्याला रिचार्ज मारत राहा, रोमिंग चालू ठेवा, दोनशे-तीनशे रुपयांचा प्रश्न आहे.’ पैशांचा प्रश्न कोणी काढलेला नाही. प्रश्न असा आहे की, स्वतःच्या खात्यावरचा हक्क टिकवण्यासाठी एखाद्या खासगी कंपनीला आयुष्यभर भाडे भरण्याची सक्ती नागरिकावर का? आणि रिचार्ज मारूनही भागत नाही. रत्नागिरी-रायगडचे खलाशी आणि जहाजांवरचे अधिकारी विचारात घ्या. जहाजावरचा करार सहसा सहा ते नऊ महिन्यांचा, भर समुद्रात मोबाइलचा टॉवर नाही, आणि नंबराचे आयुष्य ९० दिवसांचे. त्यांनी ओटीपी कुठे घ्यायचा? मग लोक काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे, बँकांनाही. सिम गावाकडे भावाच्या किंवा वडिलांच्या फोनमध्ये ठेवतात. ओटीपी आला की भाऊ व्हॉट्सॲपवर तो वाचून दाखवतो. ज्या बँका प्रत्येक संदेशाखाली ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असे छापतात, त्यांनीच लाखो प्रामाणिक लोकांना ओटीपी दुसऱ्याला सांगायला लावले आहे. उद्या यातून फसवणूक झाली, तर हीच बँक म्हणेल, तुम्ही गोपनीयता पाळली नाही, नुकसान तुमचे. नियम पाळायला अशक्य करायचा आणि मग मोडला म्हणून शिक्षा करायची, हा सरळसरळ अन्याय आहे.

तिसरा आक्षेप सभ्य माणसे उघड बोलत नाहीत, पण तो प्रत्येक चर्चेत असतो. देश सोडून गेलात ना, मग तिथल्या बँका वापरा, इथे कशाला लुडबुड? ज्यांना असे वाटते त्यांनी आधी हिशेब करावा. २०२४-२५ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी सुमारे १३५ अब्ज डॉलर पाठवले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत अशा पैशांचा सर्वात मोठा वाटा कोणत्या राज्यात आला? महाराष्ट्रात, २०.५ टक्के; केरळच्याही पुढे. हा पैसा घ्यायला कोणी नंबर विचारत नाही. त्या पैशांतून आईच्या औषधांचे बिल भरायचे, सोसायटीचा मेंटेनन्स द्यायचा, घरपट्टी भरायची, विम्याचा हप्ता किंवा घराच्या कर्जाचा हप्ता चुकवायचा नाही, असे म्हटले की नंबर आठवतो. हौस म्हणूनही कोणी ही खाती ठेवलेली नाहीत. गावात जमीन आहे, भाडे येते, निवृत्तिवेतन येते, वारसाहक्काने काही आले आहे, तर त्यासाठी भारतीय खाते लागते. आणि माणूस अनिवासी झाला की साधे बचत खाते एनआरओ करून घ्या, असे परकीय चलनाचा कायदाच सांगतो. कायद्याने खाते ठेवायला लावायचे आणि व्यवहाराने ते वापरू द्यायचे नाही, असा हा दुटप्पी कारभार आहे.

हीच वृत्ती पॅनच्या बाबतीतही दिसली. आधार नसलेल्या अनिवासी भारतीयांना पॅन-आधार जोडणीतून सूट आहे; मे २०१७ ची अधिसूचना तसे स्पष्ट सांगते. तरीही जुलै २०२३ मध्ये कित्येक अनिवासींचे पॅन निष्क्रिय दाखवले गेले, कारण करखात्याच्या नोंदीत त्यांचा दर्जा अजून ‘निवासी’ होता. सूट होती, पण ती तुम्हाला लागू होते हे यंत्रणेला तुम्हीच कळवायचे, तेही तुमच्यावर कारवाई झाल्यानंतर. आधी तोडा, मग माणसाने धावत यावे.

उपाय नाहीत असे नाही, आणि ते फार दूरचेही नाहीत. भारतीय वकिलातीतला अधिकारी परदेशस्थ निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला देतो आणि तो इथे मान्य होतो. माणूस जिवंत आहे एवढी मोठी गोष्ट जो अधिकारी प्रमाणित करू शकतो, तोच अधिकारी पासपोर्ट पाहून ‘हा अमुक, याचा नवा नंबर अमुक’ असे का लिहून देऊ शकत नाही? एस्टोनिया हा तेरा-चौदा लाखांचा देश. तो २०१४ पासून परक्या नागरिकांनाही डिजिटल ओळखपत्र देतो आणि ते त्याच्या दूतावासातून घेता येते. आपल्या प्राप्तिकर विवरणपत्राची पोच आजही सही करून बंगळुरूला टपालाने पाठवली तर विवरणपत्र ग्राह्य धरले जाते, म्हणजे ओटीपीशिवाय ओळख पटते हे आपल्याच करखात्याला मान्य आहे. तेव्हा आमची मागणी साधी आहे. भारतीय पासपोर्टवरून, वकिलातीच्या साक्षीने किंवा थेट व्हिडिओ पडताळणीने खात्याचा नंबर बदलून मिळावा. कोणत्याही देशाचा नंबर चालावा, यादी नको. ज्याला एसएमएस नको त्याला ॲपमधले टोकन किंवा पासकी मिळावी. आणि ई-मेलने व टपालाने कळवल्याशिवाय, दुसरा मार्ग हाती दिल्याशिवाय कोणाचेही पेमेंट बंद करू नये. यातली एकही गोष्ट करायला नवा कायदा लागत नाही.

परदेशात ज्यांचे नातेवाईक आहेत अशा प्रत्येकाला आमची विनंती आहे. त्यांना सांगा, ओटीपी वाचून दाखवण्याची सवय आजपासून मोडा आणि बँकेला लेखी पत्र पाठवा: सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार मला एसएमएसखेरीज दुसरी पडताळणी द्या, आणि पासपोर्टवरून माझा नंबर बदला. पत्राची पोच मागा, तारीख लिहून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. ती ऑनलाइन करता येते आणि तिला एक रुपयाही लागत नाही.